एवेलियोला आवडली म्हणजे गेली

सिनेमावर एवेलियो पेद्रोसोइतकं प्रेम साग्वा गावात दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि त्या प्रेमाचा ताप इतक्या लोकांना दुसऱ्या कुणी दिलाही नसेल. बाकीच्यांचं प्रेम फार तर घरच्यांना भोवतं. याचं सातासमुद्रापलीकडच्या नटनट्यांना भोवायचं.

वय एकोणसाठ, धंदा लायटर भरण्याचा. वापरा आणि फेका म्हणून जगभर विकले जाणारे लायटर आमच्याकडे कुणी फेकत नाही. एवेलियो त्यांच्या बुडाला भोक पाडतो, झडप बसवतो, गॅस भरतो, चाकाखाली ठिणगीचा नवा खडा घालतो आणि लायटर आणखी दहा वर्षं संसार करतो. कोलोन गल्लीत स्वतःच्या दारातच त्याचं बुटकं टेबल होतं. काम पाच मिनिटांचं, पण एवेलियो वीस लावायचा, कारण मधल्या वेळात सिनेमा सांगायचा असे. सांगायचा म्हणजे करून दाखवायचा. नायक तोच, खलनायक तोच, विहिरीत उडी मारणारी विधवाही तोच. गावातलं सिनेमागृह छप्पर कोसळून बंद पडल्यापासून कित्येकांचा सिनेमाशी तेवढाच संबंध उरला होता.

पण त्याचा खरा मोसम बक्षिसांचा. कुठल्या देशात कुठली बाहुली कुणाला मिळाली, यापेक्षा कुणाला मिळाली नाही याचं त्याला दुःख. एका वर्षी त्याने पियानो सुरात लावणाऱ्या आंधळ्याची भूमिका केलेल्या नटाला जीव लावला. बक्षीस गेलं भूमिकेसाठी तीस किलो वजन उतरवलेल्या दुसऱ्याच नटाला. "वजन उतरवलं म्हणून बक्षीस द्यायचं असेल तर माझ्या बहिणीला द्या!" एवेलियो टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "रेशनवर राहून चाळीस उतरवलंय तिने, आणि कॅमेरा नसताना!" पुढल्या वर्षी त्याचं मन बसलं एका म्हाताऱ्या नटीवर, जिला अख्ख्या सिनेमात एकही वाक्य नव्हतं. जिंकली ती दोन तास किंचाळणारी. "किंचाळणं म्हणजे अभिनय झाला तर आमच्या सोइलाला रोज सकाळी पावाच्या दुकानासमोर बाहुली द्यावी लागेल," तो म्हणाला, आणि शेजारची सोइला आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

विजेत्यांची भाषणं सुरू झाली की तो उठून पाणी प्यायला जाई. त्याला बघायचे असत हरणारे. पडद्यावर चौकोन पाडून सगळे चेहरे दाखवतात, एकाचं नाव घेतात, आणि उरलेले हसून टाळ्या वाजवतात. एवेलियोच्या मते वर्षातला सगळ्यात अवघड अभिनय तो, आणि तो सगळ्यांकडून फुकटात करून घेतात.

एकतीस वर्षं हे चाललं होतं, आणि एकतीस वर्षांत त्याच्या आवडत्या माणसाने एकदाही काही जिंकलं नव्हतं. शहाणे लोक म्हणायचे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, त्यात कावळ्याचा काय दोष? खरं आहे. पण कावळा एकतीस वेळा बसला आणि फांदी एकतीस वेळा तुटली, की लोक फांदी सोडून कावळ्याकडे बघायला लागतात. आमच्याकडे अशा अपशकुनी माणसाला सालाओ म्हणतात, मिठात मुरलेला. त्याच्या मिठाचा गल्लीने हळूहळू वापरच सुरू केला. बेसबॉलचा महत्त्वाचा सामना असला की पोरं येऊन त्याच्या डोक्यावर विरुद्ध बाजूच्या, हवानाच्या संघाची टोपी घालून जात. व्हिसाच्या मुलाखतीला निघालेला माणूस पलीकडच्या फुटपाथवरून जाई, न जाणो एवेलियो शुभेच्छा द्यायचा.

त्याला याचं वाईट वाटे का? वाटे. पण ज्याला तुम्ही एकतीस वर्षं हसता, तो एकतिसाव्या वर्षी स्वतःही हसायला शिकतो.

अशात समोरच्या ओस्मारा कियालाच्या पोरीचं नाव आलं.

ओस्मारा त्याच्या शाळेतली. खिडकीतून कॉफी विकायची. कॉफी कमी, भाजलेल्या वाटाण्याची पूड जास्त. तिची मुलगी युसिमी लहानपणी एवेलियोच्या टेबलाशेजारी खोक्यावर बसून सिनेमे ऐकायची. मोठी होऊन हवानाला नाटकाच्या शाळेत गेली, तिथून माद्रिदला. सहा वर्षं इतरांची मुलं सांभाळली, भांडी घासली, आणि मग एका सिनेमात तिला अकरा मिनिटांची भूमिका मिळाली, इस्पितळाच्या धोबीखान्यातल्या बाईची. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर, ग्रानादा शहरात देतात त्या 'सोन्याच्या डाळिंबा'च्या बक्षिसासाठी, सहायक अभिनेत्रींच्या पाच नावांत तिचं नाव लागलं.

सिनेमा आमच्याकडे आला पाकिटातून. हवानाहून दर आठवड्याला एका हार्डडिस्कवर जगभरच्या मालिका, सिनेमे, सामने, सोहळे भरून निघतात, त्याला सगळे पाकीट म्हणतात. सांता क्लाराच्या बसने ते मंगळवारी साग्वात यायचं आणि रिगो नावाचा दाढीवाला तरुण ते घरोघर उतरवून द्यायचा. त्या मंगळवारी ओस्माराच्या बैठकीत अठरा माणसं आणि दोन खिडक्यांत मिळून आणखी बारा. युसिमी पडद्यावर आली की टाळ्या, गेली की हुंदके, आणि ती नसलेल्या पावणेदोन तासांत गप्पा.

फक्त एवेलियो टाळ्या वाजवत नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता. सिनेमा संपला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ओस्मारा, तुझी पोरगी—"

ओस्माराने टुणकन उडी मारून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नकोस! एक शब्द नाही! मनातसुद्धा आणू नकोस!"

सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला होता. एवेलियोला आवडली म्हणजे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्मारा स्वतः कॉफी घेऊन त्याच्या टेबलाशी आली. आदल्या संध्याकाळीच तिने त्याला पाल्याच्या डहाळीने झोडपून, अंगावर रम फवारून, सिगारचा धूर सोडून आणि अंडं ओवाळून त्या मिठातून मोकळं केलं होतं. पण तिचा त्यावर भरवसा नव्हता.

"तुला तिच्याविरुद्ध बोलावं लागेल," ती म्हणाली.

"मी काहीच बोलत नाही ना. गप्प बसतो."

"गप्प बसून काय होतंय? गप्प बसलास की आतल्या आत आवडते तुला. त्या पाच नावांत फ्रेंच म्हातारी आहे ना, तू तिच्या बाजूने हो. आणि युसिमीला नावं ठेव. चारचौघांत."

"ओस्मारा, मी त्या पोरीला खोक्यावर बसवून सिनेमे सांगितलेत."

"म्हणूनच सांगतेय. सहा वर्षं भांडी घासलीत तिने, एवेलियो. हे डाळिंब मिळालं तर पुन्हा घासावी लागणार नाहीत. तुला तिचं भलं हवंय ना? मग तिचं वाईट बोल."

एवेलियोने लायटर खाली ठेवला आणि होकाराची मान हलवली.

सुरुवात पावाच्या रांगेत झाली. एवेलियोने जाऊन रिवाजाप्रमाणे "शेवटचं कोण?" विचारलं, सोइलाने हात वर केला, आणि तिच्यामागे उभा राहून तो चाचरत म्हणाला, "ती युसिमी... म्हणजे... तशी ठीकच आहे म्हणा."

"ठीक?" पुढून ओस्मारा ओरडली. "अरे, जीव ओतून बोल की!"

रांग हसली. आणि कुठून आलं कोण जाणे, तो म्हणाला, "ओंडका! ओंडका निदान पाण्यावर तरंगतो. ही पडद्यावर बुडते!"

रांगेत हास्याचा स्फोट झाला. पाव देणारी बाई आतून बाहेर आली आणि तिने पुन्हा म्हणायला लावलं.

एकतीस वर्षं हा माणूस कौतुक करत होता तेव्हा लोक घड्याळ बघायचे. निंदा सुरू केली आणि गर्दी मावेना. चांगले चालणारे लायटर घेऊन लोक यायचे, नुसते ऐकायला. आणि एवेलियो रंगात यायला लागला. "चादर पिळते त्या प्रसंगात नीट बघा, भाव आहेत, पण ते चादरीच्या चेहऱ्यावर." "भूमिका अकरा मिनिटांची, पण तेवढ्यात मी बसने सांता क्लाराला जाऊन आलो असतो." "धोबीण कशाला केली? शेजारी प्रेत होतं, ती भूमिका द्यायची, शोभली असती." उचलली जीभ लावली टाळ्याला, इतकंच लागतं, समीक्षक व्हायला आणखी कुठली परीक्षा नसते. दुपारपर्यंत वाक्य नदीपलीकडे पोचलेलं असे. संध्याकाळी कुणी तरी तेच वाक्य त्यालाच ऐकवी, स्वतःचं म्हणून.

त्याला मजा येत होती. हे लपवण्यात अर्थ नाही. घरी गेल्यावर त्याला स्वतःची लाज वाटायची, पण सकाळी दात घासताना नवी ओळ सुचलेली असायची.

सोहळा दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी होता. आता हे नीट ऐका, कारण असा घोटाळा फक्त आमच्याच गावात होऊ शकतो. शनिवारी तिकडे ग्रानादात नाव जाहीर झालं, लोक जेवले, झोपलेसुद्धा. आमच्याकडे पाकीट येणार मंगळवारी. गल्लीत फोन एकच, सोइलाचा. ओस्माराने शनिवारी दुपारीच जाऊन त्याची वायर उपटली. "कुणी आधी सांगितलं तर सोहळ्याची मजा जाते," ती म्हणाली. एकाला गल्लीबाहेरच्या फोनवर मायामीच्या चुलतभावाकडून निकाल कळला होता, त्याला त्याच्याच घरात कोंडून ठेवलं.

रविवारी सकाळी एवेलियो टेबलाशी गप्प बसला. ओस्मारा खिडकीतून ओरडली, "काय झालं? बोलत का नाहीस?"

"आता कशाला? झाला ना कार्यक्रम."

"कुणाचा झाला? आपला कुठे झालाय?"

"ओस्मारा, काल संध्याकाळीच देऊन टाकलंय ते डाळिंब. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी आज काय बोलतो याने काही फरक पडणार नाही."

"तू एवढा शहाणा असतास तर एकतीस वर्षं हरला नसतास," ती म्हणाली. "पाहिलं नाही तोवर काही झालेलं नाही. बोल!"

आणि गल्ली तिच्या बाजूने होती. मास्तर, नर्स, पक्षाचे सभासद, सगळे. रविवारी बोलला, सोमवारी बोलला, मंगळवारी बस उशिरा आली म्हणून दुपारभर जादा बोलला. जे तीन दिवसांपूर्वीच घडून गेलं होतं, ते नीट घडावं म्हणून एवेलियोचा घसा बसला.

मंगळवारी चार वाजता रिगोने डिस्क लावली. एवेलियोला टीव्हीकडे पाठ करून बसवलं होतं, हातात फ्रेंच म्हातारीचा फोटो. पाच चेहरे चौकोनात आले. युसिमीने निळा झगा घातला होता. ओस्मारा पुटपुटत होती. नाव घेतलं गेलं.

फ्रेंच म्हातारीचं.

एवेलियोने वळून बघितलं. युसिमी हसत टाळ्या वाजवत होती.

मग ओस्मारा त्याच्यापाशी आली. आवाज अगदी हळू होता.

"खरं सांग. आतून आवडत होती ना तुला?"

एवेलियोला खोटं बोलण्याची आता सवय झाली होती, पण हे जमलं नाही. "हो," तो म्हणाला. "फार."

"मग काय उपयोग," ती म्हणाली, आणि त्याला दार दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची कॉफी बंद.

एवेलियोने हे धरलंच होतं. जे धरलं नव्हतं ते पुढेच. पावाच्या रांगेत तो गेला तर लोकांनी त्याला पुढे जागा दिली. मास्तरांनी हात मिळवला. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांगत होतात. ओंडका! आम्ही भावनेच्या भरात होतो. सिनेमा कळणारा माणूस गावात एकच."

एकतीस वर्षं जीव तोडून खरं बोलला तेव्हा तो पनवती होता. दोन आठवडे खोटं बोलला आणि जाणकार झाला. ज्या अठरा जणांनी ओस्माराच्या बैठकीत हुंदके दिले होते, ते आता एकमेकांना सांगत होते की आपल्याला तेव्हाच काही तरी खटकलं होतं. चादर पिळण्याचा प्रसंग तर सगळ्यांनाच खटकला होता. आणि हे सगळं रांगेत ओस्माराच्या कानांवर पडायचं. ती मान खाली घालून पाव घ्यायची आणि निघून जायची. भांडणार कुणाशी? शब्द एवेलियोचे होते आणि मागणी तिची होती.

एवेलियोने तोंड उघडून बघितलं. एका गुरुवारी भर रांगेत तो म्हणाला, "मी खोटं बोलत होतो. त्या पाचांत तिच्या पासंगालाही कुणी पुरणार नाही."

लोकांनी कौतुकाने मान डोलावली. "मोठ्या मनाचा माणूस आहे," सोइला म्हणाली. "आईचं मन राखतोय बिचारा." पालथ्या घड्यावर पाणी. वर, लायटरला गर्दी आणखी वाढली.

तिसऱ्या रविवारी दुपारी सोइलाच्या फोनची घंटा वाजली. माद्रिद. परदेशचा फोन म्हणजे आमच्याकडे सार्वजनिक कार्यक्रम; ओस्मारा धावत पोचेपर्यंत सोइलाच्या खिडकीत दहा डोकी जमली होती. माय-लेकी बोलल्या, रडल्या. मग ओस्माराने रिसीव्हर छातीशी धरला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "एवेलियोला बोलवा. ती मागतेय."

एवेलियो हाताचा गॅसचा वास पँटला पुसत आला.

"काका," पलीकडून युसिमी म्हणाली, "मी ओंडका आहे म्हणे."

"पोरी... तुला कुणी..."

"सोइलामावशीची भाची इथेच राहते ना. सगळं पाठ आहे तिला. आणि आईने आत्ता सांगितलं, तिनेच बोलायला लावलं तुम्हाला. मला राग नाही आला, काका. हसले मी. पण रात्रभर झोप नाही. नुसतं खोटं इतकं अचूक नसतं. चादरीच्या चेहऱ्यावर भाव आहेत, माझ्या नाहीत... हे तुम्हाला कुठेतरी दिसलं असेल, म्हणूनच सुचलं ना? परवा एका सिनेमाची चाचणी आहे माझी. पहिल्यांदाच मुख्य भूमिका. जाऊ का नको, तेच कळत नाहीये. तुम्ही सांगा. माझ्या ओळखीत सिनेमा नीट बघणारे तुम्ही एकटेच आहात."

फोन जुना, आवाज मोठा. खिडकीला सगळं ऐकू गेलं. एवेलियोने डोळे मिटले. खरं बोलावं तर परवाची चाचणी जाते. बोलू नये तर पोरगी जाते. एकतीस वर्षांचं मीठ त्याच्या जिभेवर आलं होतं, आणि आता त्याला स्वतःलाच त्याची भीती वाटत होती. त्याने ओस्माराकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

"तू चादर धुतलीस," तो हळूच म्हणाला. "मग आतला फोन वाजतो. तुझे हात ओले. तू त्याच चादरीला हात पुसतेस, आणि लगेच तुझ्या लक्षात येतं की ही मेलेल्या माणसाची आहे. तू ती पुन्हा पाण्यात टाकतेस. फोन वाजतोच आहे. कॅमेरा दुसरीकडे निघून गेलाय, तुझा नुसता खांदा दिसतोय. एवढं सगळं त्या खांद्यात होतं, पोरी. मी एकतीस वर्षांत—"

"अहो, काय करताय!" खिडकीतून सोइला किंचाळली. "परवा चाचणी आहे तिची!"

"गेली आता," मास्तर म्हणाले. "ही पण गेली. घ्या काढून त्याच्या हातातून!"

दोन-तीन हात गजांतून आत आले. एवेलियो थांबला. रिसीव्हर कानाला तसाच होता आणि पलीकडे कुणी श्वास रोखून उभं होतं. ओस्मारा भिंतीपासून वळली, खिडकीपाशी गेली आणि तिने ती लोकांच्या तोंडावर लावून घेतली.

"हरली तर हरू दे," ती म्हणाली. "बोल तू."